वारसाचं पत्र आलं, तर काय करायचं?



"तुमच्या एका दिवंगत नातेवाइकाच्या नावावर मालमत्ता पडून आहे. तुम्ही तिचे वारस असू शकता. सोबतच्या करारावर सही करून पाठवा." असं पत्र उद्या तुमच्या घरी आलं तर तुम्ही काय कराल? काही जण फाडून फेकतील. काही जण त्याच दिवशी आधारची झेरॉक्स काढायला धावतील. मला या दोन्हींच्या मधल्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. कारण असं पत्र आमच्याकडे आलं, ते खरं निघालं, आणि तरीही त्या पैशावर आमचा हक्क नव्हता. हे कसं, ते सविस्तर सांगते. यात मराठीच्या तासाला पत्रलेखन आहे, गणिताच्या तासाला शेकडेवारी आहे आणि आपल्या घरोघरच्या वंशावळीचा एक मोठा प्रश्नही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

विसरलेला पैसा ही आपल्या देशात छोटी गोष्ट नाही. बँकेतल्या खात्यावर १० वर्षं काहीच व्यवहार झाला नाही, तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. शेअरचंही तसंच. एखाद्या शेअरचा लाभांश सलग ७ वर्षं कोणी घेतला नाही, तर लाभांशासोबत तो शेअरसुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे 'आयईपीएफ'कडे वर्ग होतो. विम्याची न मागितलेली रक्कम १० वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पैसा 'सरकारजमा' झाला म्हणजे बुडाला असं नाही. बँकेचा पैसा बँकेकडे आणि शेअर आयईपीएफकडे खऱ्या वारसाला नंतरही मागता येतो. आणि अशा शेअरधारकांची नावं कंपन्यांना जाहीर करावी लागतात. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जुना पत्ता असं सगळं त्या याद्यांत असतं. याद्या उघड आहेत, म्हणून त्यावर धंदाही उभा राहिला. काही फर्म याद्या चाळतात, मोठ्या रकमेची नावं वेचतात, वारस हुडकतात आणि टक्केवारीवर काम करून देऊ म्हणतात. इंग्लंडमध्ये तर बेवारस मालमत्तांची यादी सरकारच प्रसिद्ध करत असे आणि वारस शोधणाऱ्या फर्म तिथं उघडपणे चालतात. म्हणजे असं पत्र आलं की ते फसवंच असणार असं नाही. पण ते खरं असलं तरी त्यात जे लिहिलंय ते सगळं बरोबर असेल, असंही नाही.

आमच्याकडे आलेलं पत्र

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं. पत्र आलं ते बाबांच्या नावानं, स्पीड पोस्टानं, इंग्रजीत. दादाचं कापूस वेचणीचं काम चालू होतं, म्हणून बाबांनी मला फोन केला. "तू मास्तरीण हायेस, येऊन वाचून दे," म्हणाले.

पत्रात लिहिलं होतं की बाबांच्या काकांच्या नावे एका जुन्या कंपनीचे शेअर पडून आहेत. हे काका तरुणपणीच मुंबईला गेले, परळला राहिले, एका कंपनीत कारकून होते. लग्न केलं नाही. १९९६ मध्ये वारले. पत्रात कंपनीचं नाव नव्हतं, रक्कम नव्हती. सोबत चार पानी करार होता. वसूल होणाऱ्या रकमेच्या २५ टक्के फी, वर जीएसटी. पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक सोबत जोडा, १५ दिवसांत कळवा. आणि एका पानावर वंशावळ काढून दिली होती. वर पणजोबा. खाली दोन मुलगे, म्हणजे माझे आजोबा आणि ते काका. आजोबांच्या खाली बाबा. बाबांच्या खाली दादा. संपली वंशावळ.

दादा म्हणाला, "२५ टक्के गेले तं गेले, ७५ तं भेटतील. आपल्याले तं हे मालूमच नोतं." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्याची माहितीच नाही त्याचे पाऊण हिस्से मिळाले तरी नफाच, असं कोणालाही वाटेल. त्या वर्षी कापसाला भाव काय होता हे यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. पैशाची गरज खरी होती.

मी इतकंच म्हटलं की सही करायला १५ दिवस आहेत, तर त्यातले आठ दिवस आपण बघण्यात घालवू.

काय बघायचं?

आम्ही तीन गोष्टी बघितल्या. तुम्हालाही त्याच सांगते.

पहिली, पैसे आधी मागतात की नंतर? लॉटरी आणि परदेशी वारशाच्या फसवणुकीत नेहमी 'आधी भरा' असतं. फाइल चार्ज, टॅक्स, क्लिअरन्स, काहीही नाव देतात. असं कोणी मागितलं तर उत्तर द्यायचंच नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. आमच्या पत्रात आधी पैसे मागितले नव्हते. म्हणजे पुढचं बघायला हरकत नव्हती.

दुसरी, ही माहिती आपल्याला स्वतःला मिळते का? आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव आणि बापाचं नाव टाकून शोधायची सोय आहे, फुकट. मी शाळेतल्या संगणकावर नव्हे, घरी मोबाइलवर बसले. नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेनं टाकून पाहिलं. तिसऱ्या खेपेला सापडलं. परळचा पत्ता, आईनं ओळखला. तिकडे बाबांनी जुनी लोखंडी पेटी काढली, तर तीत लाभांशाची एक पिवळी पडलेली चिठ्ठी मिळाली. तिच्यावर कंपनीचं नाव आणि फोलिओ नंबर. दोन्ही जुळले. तेव्हाच्या बाजारभावानं किंमत साधारण ४ लाख रुपये होत होती.

तिसरी, हे काम आपल्याला करता येतं का? येतं. वेळ लागतो, पण येतं. आधी कंपनीकडे कागद तपासून घ्यायचे. कंपनी समाधानी झाली की हक्कपत्र देते. मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. अर्जाला सरकारी फी नाही. प्रत्येक कंपनीला या कामासाठी एक नोडल अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. कागदी शेअरची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर कागदपत्रं तुलनेनं सोपी आहेत. सेबीनं ही मर्यादा २०२२ मध्ये २ लाखांवरून ५ लाखांवर नेली.

फर्मकडे काम देणं म्हणजे गुन्हा नाही. घरात कोणी लिहिणारं-वाचणारं नसेल, रक्कम मोठी असेल, वाद असेल, तर मदत घ्यावीच. पण काय विकत घेतोय ते कळून घ्यावं. कागद आपल्या सहीशिवाय हलणार नसतात. पायपीटही बरीचशी आपलीच असते.

आईनं विचारलेला प्रश्न

इथपर्यंत सगळं सरळ होतं. फर्मला नाही म्हणायचं आणि स्वतः अर्ज करायचा, असं ठरत आलं होतं. रात्री जेवताना आई म्हणाली, "पण काकाजी गेले तवा आत्याबाई जित्या होत्या नं?"

आत्याबाई म्हणजे बाबांच्या आत्या, त्या दोन भावांची सख्खी बहीण. दिली होती आर्णी तालुक्यात. २०११ मध्ये वारली. तिला एक मुलगा आणि दोन मुली. फर्मच्या वंशावळीत ती नव्हतीच. खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत आमच्याही बोलण्यात ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ काढला आणि शेवटची अनुसूची आमच्यासमोर ठेवली. ती मी इथं सोपी करून सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ती माहीत नसते.

मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची मालमत्ता आधी पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते. त्यात मुलगे, मुली, बायको, आई वगैरे येतात. काकांना बायको-मुलं नव्हती, आई आधीच गेलेली. मग दुसरा वर्ग. या वर्गात पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर कोणी हयात असेल तर खालच्या पायरीला काही मिळत नाही. पहिल्या पायरीवर वडील. ते नव्हते. दुसऱ्या पायरीवर भाऊ आणि बहीण, दोघं बरोबरीनं. चौथ्या पायरीवर भावाची मुलं, बहिणीची मुलं.

आता तारखा मांडा. माझे आजोबा वारले १९८९ मध्ये. काका वारले १९९६ मध्ये. आत्या त्या दिवशी हयात होती. म्हणजे दुसऱ्या पायरीवर एकटी बहीण उभी होती. भाऊ आधीच गेलेला, म्हणून भावाच्या मुलाचा, म्हणजे बाबांचा, प्रश्नच आला नाही. काका ज्या दिवशी गेले त्याच दिवशी ते सगळे शेअर आत्याचे झाले. तिला माहीत नव्हतं, कोणालाच माहीत नव्हतं, पण कायद्यानं झाले. आणि २०११ मध्ये ती गेल्यावर ते तिच्या मुलाचे आणि दोन्ही मुलींचे झाले, समान. तिचे यजमान तिच्याआधीच गेले होते.

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग वकिलांना विचारलं, "म्हणजे आमचं काईच नाई?" वकील म्हणाले, "काही नाही."

परत येताना गाडीत दादा म्हणाला की आर्णीवाल्यांना हे कुठं माहीत आहे, पत्र तर आपल्या नावानं आलंय. तो लोभी माणूस नाही. कर्ज डोक्यावर असलेला माणूस जे मोठ्यानं बोलून पाहतो ते त्यानं बोलून पाहिलं. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं की अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, त्यात 'आमच्याशिवाय वारस नाही' असं लिहावं लागेल, आणि ते आपल्याला लिहिता येणार नाही. संध्याकाळी त्यांनी आर्णीला आतेभावाला फोन लावला.

फर्मला आम्ही उत्तर दिलं. ते इथं देते, कारण पत्रलेखनाच्या तासाला मी तेच नमुना म्हणून वापरलं :

"आपले पत्र मिळाले. सोबतच्या करारावर आम्ही सही करीत नाही. आपण उल्लेख केलेल्या व्यक्तीच्या कायदेशीर वारसांमध्ये आमचा समावेश होत नाही. आमच्या नावाने किंवा आमच्या वतीने आपण कोणताही दावा करू नये. कळावे."

बस, एवढंच. खरे वारस कोण, कुठं राहतात, हे कळवलं नाही. ते सांगण्याची आपल्यावर सक्ती नाही. आधार-पॅनची प्रत नाही, फोन नंबर नाही. पोहोच मात्र जपून ठेवली.

शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ

आता आर्णीच्या भावंडांपुढे खरी अडचण उभी राहिली. आत्या ही काकांची बहीण होती, हे सिद्ध कसं करायचं? लग्नानंतर तिचं नाव बदललं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. मतदार कार्ड, रेशन कार्ड, मृत्यू दाखला, सगळीकडे सासरचं नाव. तिचा जन्म दाखला नाही. माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलंच नाही.

मी शिक्षिका म्हणून एक गोष्ट सुचवली. आत्या गावच्या प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकली होती, असं बाबा सांगायचे. त्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर असेल का? मुख्याध्यापक सरांना विनंती केली. त्यांनी कपाट काढलं, धूळ झटकली, दोन दिवस शोधलं. १९४४ च्या पानावर ती सापडली. पाळण्यातलं नाव, बापाचं पूर्ण नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. त्याच रजिस्टरमध्ये पुढच्या पानांवर काकांची नोंद, तोच बाप, तेच गाव. आत्याच्या नावासमोर शाळा सोडण्याचं कारण लिहिलं होतं, "लग्न झाल्यामुळे".

यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. तीन राज्यं बदलली, ती नोंद तशीच राहिली. कोण्या गुरुजींनी टाकानं, वळणदार अक्षरात, एका मुलीचं नाव पूर्ण लिहून ठेवलं होतं. मुलीच्या नावाला कोण विचारतो असं म्हणून अर्धवट सोडलं नव्हतं. एकटा तो उतारा पुरेसा नव्हता, सोबत प्रतिज्ञापत्रं लागली, पण बहीण-भावाचं नातं दाखवणारा जुना सरकारी कागद तेवढा एकच होता.

मित्रहो, आपण रोज नोंदी भरतो. यू-डायसला नाव वेगळं, आधारला वेगळं, जन्म दाखल्यावर तिसरंच. वैतागतो आपण, आणि वैतागण्यासारखंच असतं ते. पण एखाद्या मुलीचं नाव लिहिताना एवढं आठवा की ऐंशी वर्षांनी तिच्या नातवंडांना तीच ओळ शोधत यावं लागेल. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नावही लावायचं आहे, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं आता काही वर्षांत पहिलीला येतील. तेव्हा आईचं नाव 'भरायचं म्हणून' भरू नका.

वर्गातला तास

आठवीच्या मुलांना मी हे पत्र दाखवलं, नावं झाकून. गणिताच्या तासाला हिशेब केला. ४ लाखांचे २५ टक्के किती? १ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी? १८ हजार. म्हणजे १,१८,००० रुपये गेले आणि २,८२,००० उरले. एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, २५ टक्के मनून २९.५ टक्के घेऊन रायले ना थे." बरोबर पकडलं त्यानं. शेकडेवारीचा धडा मी इतकी वर्षं शिकवते, पण 'वर जीएसटी' या दोन शब्दांचा अर्थ पोरांना त्या दिवशी जसा कळला तसा पुस्तकातल्या नफा-तोट्यानं कळला नव्हता.

मग सांगितलं, आपापल्या घरची वंशावळ काढा. पोरांनी पटापट काढली. आपल्याकडे वंशावळ म्हटलं की मुलांना एकच गोष्ट आठवते, जात पडताळणी. मोठ्या भावासाठी, बहिणीसाठी घरात ती कधीतरी लिहिली गेलेली असते. तिथं बापाकडची ओळ लागते, म्हणून पणजोबा, आजोबा, बाबा, मी, अशी ती सरळ खाली येते. बहुतेक वह्यांमध्ये तेच होतं. आत्या नव्हती, आजोबांची बहीण नव्हती. बऱ्याच मुलींनी तर स्वतःच्या भावाचं नाव लिहिलं होतं आणि स्वतःचं लिहिलंच नव्हतं.

मी फळ्यावर फर्मची वंशावळ काढली आणि विचारलं, इथं कोण नाही? थोडा वेळ गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाया नाहीत."

पडताळणीच्या वंशावळीचं काम वेगळं, वारसाच्या वंशावळीचं वेगळं. एकीत बापाची ओळ पुरते, दुसरीत प्रत्येक माणूस लागतो, जिवंत आणि मेलेला, तारखेसह. हा फरक मुलांना सांगायला एक तास पुरतो. पुढच्या दिवशी वह्या आल्या तेव्हा पानं भरलेली होती. एका मुलानं लिहिलं होतं, आजोबांना चार बहिणी होत्या हे मला कालच कळलं.

मात्र एक सावधगिरी घ्या. मी वर सांगितलेला क्रम हिंदू उत्तराधिकार कायद्याचा आहे. आपल्या मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे कायदे आहेत. आणि आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम घरं पुष्कळ आहेत. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही. तिथं परंपरेचा प्रश्न येतो. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला, हेही वर्गात सांगण्यासारखं आहे. कोणाच्या घरी वाद चालू असेल तर त्या मुलाला वर्गात उदाहरण करू नका. वंशावळ पुरे, जमिनीचा हिशेब नको.

घरी काय करता येईल?

पालकांसाठी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं. तिथं मोबाइल नंबरनं नोंदणी करून घरच्या माणसाच्या नावानं विसरलेल्या ठेवी शोधता येतात, पैसे लागत नाहीत. ३० बँका त्यात आहेत. गावातल्या ज्या बँकेत आजोबांचं खातं होतं, तिथं जाऊनही विचारा.

नॉमिनी लावलेला आहे का ते पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं की शेअरवर नॉमिनी असला तरी वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. नॉमिनीनं पैसे घ्यायचे आणि ते हक्काच्या माणसांपर्यंत पोहोचवायचे.

शेतीच्या सातबाऱ्यावर अजून मेलेल्या माणसाचं नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. २०२५ मध्ये राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम झाली ती याचसाठी. आपल्या जिल्ह्यात कर्त्या पुरुषाच्या मागं एकट्या राहिलेल्या किती बाया तलाठ्याच्या दारात उभ्या राहिल्या आहेत, हे आपण शिक्षक रोज बघतो. त्यांची मुलं आपल्याच वर्गात असतात. त्या मोहिमेत नोंद करून घेताना बहिणींचीही नावं चढली का, हे बघा. 'ती कुठं मागायला येते' हे वाक्य आपल्या घरात फार चालतं.

आर्णीतही ते चाललं. आत्याच्या मुलानं बाबांना विचारलं होतं की बहिणींच्या सह्या लागतीलच का, त्या तर हक्कसोड करूनच देतील. बाबा म्हणाले, "देऊ दे, पण आधी त्याईले सांग का हाय म्हणून." त्यानं सांगितलं. थोरलीनं सोडते म्हटलं. धाकटी म्हणाली, मी नाही सोडत, मले घराचं छत टाकायचं हाय. मग थोरलीनंही सोडलं नाही. अर्जावर तिघांची नावं आहेत. कंपनीचं हक्कपत्र आलं आहे, आयईपीएफकडे अर्ज गेला आहे, पैसे अजून यायचे आहेत.

बाबांना एक पैसा मिळणार नाही. पण धाकटी आतेबहीण, जी कित्येक वर्षांत माहेरच्या गावाकडे फिरकली नव्हती, ती या अक्षय तृतीयेला आली आणि दोन दिवस राहून गेली.

तुम्हाला एकच काम सुचवते. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. मुलांनाही बसवा. विचारा, तुम्हाला भाऊ किती, बहिणी किती, कुठं दिल्या, कोण कधी गेलं. बायकांची माहेरची नावंही लिहा. स्पेलिंग ज्या ज्या तऱ्हेनं झालं असेल तेही लिहा. बँकेचं पासबुक, विम्याचा कागद, शेअरची चिठ्ठी कुठं ठेवली आहे ते लिहा. खाली तारीख टाका. आणि ही वही घरातल्या मुलीलाही दाखवून ठेवा.